नावापुढचा ‘पी’

वही 1784 सालची, इंग्लंडमधल्या एखाद्या लहानशा गावच्या चर्चची आहे असं समजू. चामड्याचा तपकिरी पुठ्ठा, आत जाड चर्मपत्र, पाद्र्याचं तिरकं अक्षर. तारीख, नाव, कुणाची विधवा, कुणाचं तान्हं मूल, एवढाच मजकूर. जानेवारीत कुणाला पुरलं, फेब्रुवारीत कुणाला. आणि मधूनच एखाद्या नावापुढे एक बारीक अक्षर, ‘पी’. चार नावं मोकळी जातात, पाचव्यापुढे पुन्हा ‘पी’. त्याचा खुलासा वहीत कुठेही नाही. ज्याने ते अक्षर लिहिलं त्याला तो करायची गरज वाटली नाही, कारण वाचणाऱ्याला तो ठाऊकच होता. तो वाचणारा दोनशे वर्षांपूर्वीच गेला.

इंग्लंडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दप्तरखान्यांत अशा वह्या हजारोंनी आहेत. पूर्वजांचा माग काढणारी माणसं त्या उघडतात आणि या अक्षराशी येऊन अडतात. पहिला शब्द जो मनात येतो तो अंगावर काटा आणणारा असतो. पी म्हणजे प्लेग.

तो अर्थ उगाच सुचत नाही. लंडनमध्ये टॉवरजवळ सेंट ओलाव्ह नावाचं छोटं चर्च आहे. त्याच्या 1665 च्या दफनवहीत प्लेगने गेलेल्यांच्या नावांपुढे हेच अक्षर आहे. त्याआधीची शंभर वर्षं गावोगावचे पाद्री आणि कारकून आपापल्या परीने महामारीच्या खुणा करत आले होते. स्ट्रॅटफर्डच्या वहीत 11 जुलै 1564 रोजी ऑलिव्हर गन नावाच्या एका शिकाऊ पोराच्या दफनाजवळ समासात तीन लॅटिन शब्द आहेत, ‘इथून महामारी सुरू झाली’ अशा अर्थाचे. त्या वर्षी त्या गावात दोनशेच्या वर माणसं गेली. हेन्ली स्ट्रीटवरच्या एका घरात अडीच महिन्यांपूर्वीच बाप्तिस्मा झालेलं एक मूल मात्र वाचलं. त्याचं नाव विल्यम शेक्सपिअर.

तेव्हा ‘पी’ पाहून प्लेग आठवणं स्वाभाविक आहे. पण आपल्यासमोरची वही 1784 ची आहे आणि इथे घोडं अडतं. लंडनचा मोठा प्लेग 1665-66 चा. त्यानंतर तुरळक मृत्यू झाले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीआधीच हा रोग इंग्लंडमधून नाहीसा झाला. पश्चिम युरोपातली शेवटची मोठी साथ 1720 ची, फ्रान्समधल्या मार्सेयची. ती खाडी ओलांडून इंग्लंडात आली नाही. शिवाय साथीची वही लपत नाही. एरवी महिन्याला तीन-चार नावं असणाऱ्या पानावर साथीत आठवड्याला तितकी दिसू लागतात, एकाच आडनावाची माणसं चार दिवसांच्या अंतराने एकाखाली एक येतात, अक्षर घाईचं होतं. 1784 च्या पानावर यातलं काही नाही. गाव नेहमीच्या गतीनेच मरत होतं.

मग दुसरे तर्क सुरू होतात. एखाद्याला वाटतं, हा पैसे भरल्याचा ‘पेड’ असेल. दुसऱ्याला नेमकं उलटं वाटतं, ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो ‘पॉपर’, म्हणजे कंगाल. एकाच अक्षराचे हे दोन विरुद्ध अर्थ, आणि दफनाची वही कितीही वेळा वाचली तरी ती कौल देत नाही.

कौल देते ती शेजारची वही, बाप्तिस्म्याची. त्याच वर्षांची, त्याच पाद्र्याच्या अक्षरातली. ती उघडली की तिथेही ‘पी’ दिसतो, नुकत्याच जन्मलेल्या, जिवंत, धडधाकट मुलांच्या नावांपुढे. इथे रोगाचा प्रश्न एका क्षणात निकालात निघतो. हे अक्षर मृत्यूबद्दल काहीच सांगत नाही. जन्म आणि मरण दोन्हींना जे लागू होतं, अशा कशाबद्दल तरी ते आहे.

आता पानं उलटत मागे जायचं आणि पहिला ‘पी’ शोधायचा. अशा वह्यांत तो 1783 च्या ऑक्टोबरच्या सुमारास सापडतो. पुढे जाऊन शेवटचा शोधला तर 1794 च्या शरदात. अकरा वर्षं अक्षर आहे, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. रोग असा तारखेला येत नाही आणि तारखेला जात नाही. असा येतो आणि जातो तो कायदा.

1783 साली इंग्लंड अमेरिकेतली लढाई हरून बसलं होतं आणि तिजोरीवर कर्जाचा डोंगर होता. पैसा उभा करायला संसदेने अनेक कर बसवले, त्यांतला एक चर्चच्या वहीवर होता. 1 ऑक्टोबर 1783 पासून प्रत्येक बाप्तिस्मा, प्रत्येक लग्न, प्रत्येक दफन यांच्या नोंदीला तीन पेन्स. वसुली पाद्र्याने करायची. पौंडामागे दोन शिलिंग, म्हणजे दहावा हिस्सा, त्याने मेहनताना म्हणून ठेवायचा आणि उरलेले सरकारात भरायचे. लोकांनी काय केलं ते बाप्तिस्म्याच्या वह्याच सांगतात. कर लागू होण्याआधीच्या सप्टेंबरात बाप्तिस्म्यांची झुंबड उडाली. चालत्या-बोलत्या मुलांनासुद्धा आईबापांनी घाईने चर्चमध्ये आणलं.

या करातून सुटका एकाच वर्गाला होती, गावाच्या धर्मादायावर जगणाऱ्या गरिबांना. त्यांचं नाव लिहायचं पण पैसे मागायचे नाहीत. मग वर्षअखेरीचा हिशेब जुळायचा कसा? वहीत नावं साठ आणि पैसे चाळिसांचेच, असं निघालं तर पाद्र्याने उरलेले वीस कोण हे दाखवायला हवं. म्हणून नावापुढे ‘पी’. काही पाद्र्यांनी ‘पॉपर’ हा शब्द पुरता लिहिला, काहींनी आधी पुरता लिहून पुढे एका अक्षरावर आणला. तो उरकून टाकलेला शब्दच आपल्याला कोडं होऊन भेटतो.

कोडं सुटलं, पण मला इथे थांबवत नाही. कारण हा अर्थ हाती आल्यावर अनेक जण लगेच दुसरी चूक करतात. ‘पी’ मोजतात आणि गावात गरीब इतके होते असं लिहून मोकळे होतात. तीन पेन्स ही मजुराच्या घरात मोठी रक्कम होती. धर्मादायावर नसलेला पण हातातोंडाची गाठ पडताना मेटाकुटीला येणारा बाप पाद्र्याकडे बघत असेल, तेव्हा पाद्र्याने काय लिहायचं? कनवाळू पाद्र्याने ‘पी’ लिहिला, कडक पाद्र्याने तीन पेन्स घेतले. एका पाद्र्याची बदली होऊन दुसरा आला की गरिबांची संख्या एकाएकी बदलू शकते, आणि गावात मात्र काहीच बदललेलं नसतं. ‘पी’ गरिबी मोजत नाही. गरीब आणि सरकार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका माणसाचा निर्णय तो आपल्याला दाखवतो.

हे एकदा कळलं की जुन्या वह्यांतल्या इतर खुणाही बोलू लागतात. 1678 नंतरच्या दफनवह्यांत नावांपुढे ‘अ‍ॅफ’ असं तुटक लिहिलेलं असतं, कुठे कुठे ‘नेकेड’, म्हणजे उघडा. हा शब्द वाचताना कुणाचंही मन चरकेल. त्यामागेही कायदाच आहे, दुसऱ्या चार्ल्सच्या काळातला. परदेशी लिनन मागे पडावं आणि देशातल्या लोकरीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून संसदेने मेलेल्यांनाही गिऱ्हाईक केलं. प्रेताचं कफन निव्वळ इंग्रजी लोकरीचंच हवं आणि तसं असल्याचं शपथपत्र आठ दिवसांच्या आत द्यायला हवं. ‘अ‍ॅफ’ म्हणजे ते अ‍ॅफिडेव्हिट मिळालं. नाही दिलं तर दंड पाच पौंड, त्यातला अर्धा गावच्या गरिबांना, अर्धा कागाळी करणाऱ्याला. श्रीमंतांनी यातून वाट काढली: आपल्याच माणसाला कागाळी करायला लावायची, म्हणजे अर्धा दंड घरातच परत येतो. 1730 मध्ये गेलेली नटी अ‍ॅन ओल्डफिल्ड वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ब्रसेल्सच्या लेसमध्ये पुरली गेली. आणि ज्यांना लोकरीचंही कफन परवडत नव्हतं, त्यांच्यापुढे ‘उघडा’ असं लिहिलेलं राहिलं. कागदावर हा कायदा 1814 पर्यंत टिकला. त्यातून सूट एकाच प्रकारच्या प्रेतांना होती, प्लेगने मेलेल्यांना.

म्हणजे आपण फिरून पहिल्या ‘पी’पाशी आलो. सेंट ओलाव्हच्या वहीतला, 1665 चा. तो कंगालाचा असू शकत नाही, तीन पेन्सांचा कर यायला अजून शंभरेक वर्षं होती. तिथल्या वहीत त्या उन्हाळ्यात साथीच्या साऱ्या खुणा आहेत. मग तो प्लेगचा, हे पक्कं. पण ज्यांच्यापुढे ‘पी’ नाही ते प्लेगने गेले नाहीत, असं म्हणता येईल का?

या प्रश्नाचं उत्तर देणारा साक्षीदार त्याच चर्चमध्ये येऊन बसत असे. सॅम्युएल पीप्स, आरमार खात्यातला अधिकारी, सीदिंग लेनवर चर्चच्या पलीकडेच राहणारा. तो रोजनिशी लिहीत असे, पण लघुलिपीत. त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथसंग्रहासोबत तिचे सहा खंड केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेले आणि तिथे शंभर वर्षं पडून राहिले. पानंच्या पानं अनोळखी रेघोट्यांनी भरलेली. 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या एका गरजू विद्यार्थ्याला ती वाचायचं काम मिळालं. तीन वर्षं तो एकेक खूण उलगडत बसला. ती लघुलिपी थॉमस शेल्टनची होती आणि शेल्टनचं पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात, पीप्सच्याच कपाटात होतं. स्मिथला ते कुणी सांगितलं नाही. 1825 मध्ये रोजनिशीची पहिली, काटछाट केलेली आवृत्ती निघाली. पुढच्या आवृत्त्यांनी उरलेला मजकूर हळूहळू उजेडात आणला.

त्या रोजनिशीत 30 ऑगस्ट 1665 ची एक भेट आहे. पीप्सला रस्त्यात आपल्या चर्चचा कारकून हॅडली भेटतो. प्लेगचं काय, असं पीप्स विचारतो. वाढतोय, हॅडली सांगतो, आपल्या भागातही वाढतोय. या आठवड्यात नऊ गेले, पण मी सहाच कळवले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचताना थांबलो होतो. दफनांची नोंद ठेवणाऱ्या चर्चचाच हा कारकून. त्याच्या तोंडून, भर रस्त्यात, साथ ऐन भरात असताना कबुली: नऊपैकी तीन गाळले. पीप्सला ते फार वाईट वाटलं, आणि इतरत्रही हेच चाललं असणार हे त्याने लगेच ओळखलं. दुसऱ्याच दिवशी आठवड्याचा मृत्युपट हाती आला, त्यात एकंदर मृत्यू 7,496 आणि त्यांत प्लेगचे 6,102. खरा आकडा दहा हजारांच्या आसपास असेल, असं त्याने लिहून ठेवलं. गरिबांची दखलच घेतली जात नाही आणि क्वेकर पंथाची माणसं आपल्या मयताची घंटा चर्चमध्ये वाजवू देत नाहीत, ही दोन कारणंही त्याने दिली.

पण हॅडलीने आकडे का लपवले? त्याला खलनायक ठरवण्याआधी रस्त्यावरची घरं पाहायला हवीत. ज्या घरात प्लेग निघाला त्याच्या दारावर लाल क्रूस रंगवत, बाहेर पहारा बसवत आणि आतल्या धडधाकट माणसांसकट सगळं घर चाळीस दिवस बंद करत. प्लेगचं निदान म्हणजे घरच्यांना जवळजवळ मृत्युदंडच. आणि ते निदान करणार कोण? सर्चर म्हणवणाऱ्या गरीब म्हाताऱ्या बायका, स्वतः चर्चच्या धर्मादायावर जगणाऱ्या. त्या प्रेत पाहून कारण सांगत, कारकून ते लिहून घेई. त्यांच्या हातावर चार नाणी जास्त पडली तर ‘प्लेग’चा ‘ताप’ होई. हॅडलीने जे केलं ते घाबरलेल्या शहराच्या मधोमध राहून केलं. म्हणून मला त्याचा राग येत नाही.

त्याच्या गाळलेल्या माणसांपर्यंत पोचायची वाट त्याआधीच एकाने दाखवून ठेवली होती. जॉन ग्राँट हा लंडनचा व्यापारी, पेशाने संशोधक नव्हे. 1662 मध्ये त्याने मृत्युपटांवर एक पुस्तक लिहिलं. 1625 च्या प्लेगचे आकडे मांडताना त्याला दिसलं की त्या वर्षी प्लेगखेरीजचे मृत्यूही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते. तापाने, म्हातारपणाने, इतर आजारांनी माणसं अचानक दुपटीने मरू लागत नाहीत. तो जास्तीचा आकडा म्हणजे लपवलेला प्लेग, असं त्याने ताडलं आणि कळवलेल्या आकड्यात चौथा हिस्सा आणखी मिळवायला हवा असा अंदाज बांधला. खुणेवर विश्वास न ठेवता खुणेबाहेरची माणसं मोजायची, ही युक्ती त्याची.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, आणि ते केवळ साम्य नाही, रोग तोच होता. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात तो ओळखला. मग घराघरांची झडती, रोग्यांना उचलून इस्पितळात नेणं, भिंतींवर लाल वर्तुळांच्या खुणा, मेलेल्यासाठी वर्तुळात क्रूस. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्या अमलाखाली सोल्जर माजघरापर्यंत शिरले. लोकांनी तेच केलं जे लंडनकरांनी केलं होतं: आजारी माणूस लपवला, मयताचं कारण ‘ताप’ सांगितलं. आणि अधिकाऱ्यांनी तेच केलं जे ग्राँटने केलं होतं: नेहमीच्या वर्षीचे मृत्यू वजा करून उरलेल्यांतून प्लेगचा खरा आकडा काढला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या वह्यांतून अशी अक्षरं विरळ झाली. 1813 पासून दफनासाठी छापील वही आली, नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय, विधी करणाऱ्याचं नाव अशा ठरलेल्या रकान्यांची. तिच्यात मनाजोग्या खुणांना जागा फारशी उरली नाही. मृत्यूचं कारण सरकारी दप्तरात लिहायला 1837 साल उजाडावं लागलं.

जुन्या खुणांवर काम मात्र अजून चालू आहे आणि आता त्याला नवी हत्यारं मिळाली आहेत. ईअम हे डर्बीशायरमधलं गाव 1665-66 मध्ये प्लेगने होरपळलं. तिथल्या दफनवहीतल्या नावांवरून घर, नातं आणि तारखा जुळवून 2016 मध्ये दोन संशोधकांनी रोग कुणाकडून कुणाला गेला असेल याचं गणित मांडलं. त्यांच्या हिशेबाने चारांपैकी तीन जणांना तो उंदरांकडून नव्हे तर माणसांकडून लागला. एकाच घरातली नावं चार-चार दिवसांनी एकाखाली एक का येतात, याचं त्यातून मिळालेलं हे उत्तर. सगळ्यांना ते पटलेलं नाही आणि वाद चालू आहे, पण वाद जिच्यावर चालला आहे ती वस्तू एका गावच्या चर्चची यादी आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाजवळ क्रॉसरेलच्या भुयारी रेल्वेसाठी खोदकाम सुरू होतं. तिथे जमिनीखाली बेडलमचं, म्हणजे न्यू चर्चयार्ड नावाचं, जुनं दफनस्थान होतं. शहरातल्या चर्चांची आवारं भरली की उरलेली प्रेतं तिथे जात. त्या जागेची स्वतःची वही नव्हती. तिथे कोण पुरलं हे शोधायचं तर ज्या ज्या चर्चमधून प्रेत तिकडे गेलं त्या त्या चर्चची दफनवही पाहायला हवी, आणि तिच्यात एखाद्या नावापुढे ‘बेडलम’ किंवा ‘न्यू चर्चयार्ड’ असं लिहिलेलं शोधायला हवं. स्वयंसेवकांनी दप्तरखान्यात बसून ते काम केलं आणि पाच हजारांवर नावं गोळा केली. 2015 मध्ये उत्खननात तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले, त्यांतले 42 एकाच खड्ड्यात होते. त्या खड्ड्यातल्या वीस जणांच्या दातांतला डीएनए जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासला. 2016 च्या सप्टेंबरात निकाल आला: पाच जणांच्या दातांत प्लेगच्या जंतूचे, येर्सिनिया पेस्टिसचे, अवशेष सापडले.

उरलेल्या पंधरांत जंतू नव्हते की साडेतीनशे वर्षांत ते नष्ट झाले, हे दात सांगत नाहीत. आणि या पाच जणांची नावं त्या पाच हजारांत कुठे आहेत, हे वह्या सांगत नाहीत.